पाणी धरून

रात्रीचे दोन वाजून दहा.
ऐरोलीच्या माताबाल रुग्णालयात
औषधांच्या खिडकीशी मी एकटी,
आणि खिडकीतून आत सरकलेला कागद:
मॅग्नेशियम सल्फेट, सोळा मिलिमोल,
शिरेतून, सावकाश.

डॉक्टर नवे, बाहेरदेशी शिकून आलेले.
ते मोलात विचार करतात.
आमची कुपी टक्क्यांत बोलते:
पन्नास टक्के, दोन मिली.
म्हणजे शंभर मिलीत पन्नास ग्रॅम,
म्हणजे एका कुपीत एक ग्रॅम. बस.
तिला स्वतःचं मोल ठाऊक नाही.
या शब्दाशी माझं बारावीपासून वाकडं आहे;
सर फळ्यावर मोल लिहायचे
आणि मला आई दिसायची,
चार घरची भांडी आटपून येणारी.

कागद आणणारी प्रणिता मढवी
गणित करूनच आली होती,
तळहातावर, निळ्या पेनानं.
मॅग्नेशियम चोवीस, गंधक बत्तीस,
ऑक्सिजन चार वेळा सोळा.
एकशे वीस.
सोळा गुणिले एकशे वीस:
एक हजार नऊशे वीस मिलिग्रॅम.
"दोन कुप्या द्या ताई, पटकन.
नऊ नंबरचे डोळे फिरायला लागलेत."

बेरीज बरोबर. गुणाकार बरोबर.
घामानं पुसटलेला हातचासुद्धा बरोबर.

मी कुपी दिव्याकडे धरली.
मुंगीनं लिहावीत तशी अक्षरं,
सल्फेटच्या पुढे एक टिंब,
टिंबापुढे सात,
साताला चिकटून पाणी.

घणसोलीच्या खाडीवर आप्पा मिठागरात होते.
गोणी तोलायच्या आधी व्यापारी
मूठभर मीठ उचलून आवळायचा,
मूठ उघडायचा,
आणि तळवा चमकला की
शेकड्यामागे पाच किलो कापायचा.
आप्पा काही बोलायचे नाहीत.
घरी आल्यावर मला सांगायचे,
"मीठ तोलशील तवा पानी पन तोलला जातं, पोरी."

हे मीठ तर कोरडं दिसतं,
मूठ आवळली तरी कबूल करणार नाही.
पण प्रत्येक रेणू
सात पाणी पोटाशी धरून बसलेला,
आणि कारखान्यात कुणीतरी
त्याला तसाच तराजूत घातलेला,
लेकुरवाळा.

सात गुणिले अठरा, एकशे सव्वीस.
एकशे वीस अधिक एकशे सव्वीस, दोनशे सेहेचाळीस.
सोळानं गुणलं:
चार ग्रॅमला चौसष्ट मिलिग्रॅम कमी.

"चार," मी म्हटलं.

तिचा हात मागे गेला.
दुप्पट ऐकून जो हात मागे जात नाही
त्या हातात मी कुपी देत नाही.
"ताई, चार?"
"चार. दोन दिल्यास तर अर्धं औषध जाईल
आणि झटका पुरा येईल."
मग आम्ही दोघींनी मोठ्यानं, पहिल्यापासून,
पाढे म्हणावेत तसं ते पुन्हा केलं,
आणि तरीही वर फोन लावला.
डॉक्टर म्हणाले, "हो हो, चार ग्रॅमच.
ग्रॅममध्ये लिहायला हवं होतं का?"
हो, म्हटलं. दोन्हीत लिहा.

आठ मिली औषध, बारा मिली सलाईन.
ती धावली. चपलेचा आवाज जिन्यापर्यंत,
मग नुसता फ्रीजचा.

कागदावर नाव होतं, मी मागाहून वाचलं:
अनुसया थोरवे, वय बावीस, पहिलटकरीण.
आकड्यांच्या वर, ठळक अक्षरात.
दोन दहाला मला ते दिसलंच नव्हतं.

साडेचारला प्रणिता आली,
तळहात धुतलेला.
झटका आला नाही, म्हणाली.
बाळाचं अजून काही नाही.
चहा आहे का?

निघण्यापूर्वी फळीवर पट्टी चिकटवली,
मार्करनं लिहिलं:
एक कुपी, एक ग्रॅम, चार मिलिमोल. पाणी धरून.

आज रात्री आले तर
दिवसपाळीच्या लोबो सरांनी
त्याखाली पेन्सिलीनं विचारलंय:
कुठलं पाणी? कालच्या स्टॉकमधलं?